टेलचं पाणी

घास उतरत नाही. छातीच्या मधोमध
ठाण मांडून बसतो.
मी उठून उभा राहतो, तांब्याभर पाणी ओततो वरून,
खांदे मागे ताणतो.
हिराक्का ताट न उचलता बघत राहते.

रात्री तोच परत वर. आंबट नाही, नुसता शिळा:
उशीवर दुपारची भाकरी.

मिरजेला खडूसारखं पांढरं काहीतरी प्यायला दिलं.
पडद्यावर ते खाली गेलं, तुंबलं,
तळाशी निमुळती चिमणीची चोच.
"नळी ढकलत नाही," मुलाणी डॉक्टर म्हणाले,
"आणि खालचं दार उघडायचं विसरलंय."

दार.
एकतीस वर्षं पाटावर चाकं फिरवली मी.
ग्रीस, पाना, पाळीची वही.
गाळ बसला तर पहार.
टेलची माणसं मध्यरात्री बॅटऱ्या घेऊन यायची,
अण्णा, आमच्यापर्यंत कधी?
वरच्यांचं झालं की येईल, म्हणायचो.

नेहमी येत नसे.

परवा आत फुगा घालून दार ताणलं.
आज मऊ भात, ताक.
हिराक्का विचारते, गेला का?

थांब, म्हणतो.
टेलला पोचू दे.