परीटघडी

मी ती गाडी आतून कधी पाहिली नाही.
तिचं अंथरूण तेवढं पाहिलं,
सत्तावीस वर्षं,
ओमाहाच्या यार्डामागे, विटांच्या त्या लाँड्रीत,
जिथं जानेवारीतही खिडक्यांना घाम यायचा.

शिकागोची गाडी रात्री यायची.
आधी टेबलावरच्या पेल्यांना कळायचं, मग भिंतींना,
मग आम्हाला.
मिलाडा म्हणायची, आली गं तुझी सवत.

गाठोडी सोडायचं काम माझ्याकडे.
इथे कुणीतरी रात्रभर सिगारेटी ओढल्यात.
इथे कुणी उशीचा कोपरा चावून ठेवलाय.
वरच्या बर्थवरच्या पोरानं भिजवलंय,
आणि आईनं वर टॉवेल पसरलाय, नीट, चारी टोकं जुळवून,
म्हणजे जणू झालंच नाही.
केसातल्या पिना तर ओंजळभर निघायच्या.
एकदा दुधाचा दात, रुमालाच्या गाठीत.
तो मी ऑफिसात जमा केला.
हॅलोरनसाहेब हसला, पण पावती दिली.

लूशस त्याच गाडीवर पोर्टर.
तिथं त्याला लूशस म्हणत नसत.
सगळ्या पोर्टरांना मिळून एकच नाव, जॉर्ज.
जॉर्ज, बूट. जॉर्ज, बर्फ आण.
जॉर्ज, डेन्व्हर आलं की उठव.
चौथ्या दिवशी तो घरी यायचा
तेव्हा मी उंबऱ्यावरच त्याचं नाव घ्यायचे,
सबंध, लूशस एमेट प्रिव्हिट,
मगच आत येऊ द्यायचे.

उतारूंची ब्लँकेटं तपकिरी.
पोर्टरचं निळं.
चुकूनसुद्धा गोऱ्या अंगावर जाऊ नये म्हणून निळं,
आणि टाकीही वेगळी. तशी पाटीच होती भिंतीवर.
दहाबारा निळ्यांतलं एक मला नाकानं कळायचं:
बूटपॉलिश, आणि लवंगेचं तेल,
कारण त्याची दाढ दुखायची.
तीन तासांची झोप,
तीही सिगारवाल्यांच्या खोलीतल्या बाकावर, पाय मुडपून.
ते ब्लँकेट मी सगळ्यांत शेवटी टाकीत टाकायचे.
त्याआधी थोडा वेळ मांडीवर.

चादरी मात्र परीटघडीच्या.
खळ अशी, की नाणं टाकलं तर उडावं.
कॅलिफोर्नियाला निघालेला कुणी
त्यात पाय सरकवणार, आणि त्याला वाटणार
आपल्याआधी इथं कुणी झोपलंच नाही.
ते वाटणं मी इस्त्रीनं करायचे,
तासाला चाळीस.

मग विमानं आली.
गाठोडी निम्मी झाली, मग फक्त बुधवारची,
मग मिलाडा मुलीकडे गेली राहायला.
आता लोक सांगतात, काय ते दिवस,
काय ती चांदीची काटेचमच्यांची खळखळ,
टेबलावर ताजी फुलं, खिडकीबाहेर पळणारं गवत.
असेल. मी कुठं नाही म्हणते?
त्या फुलांचे डाग मी काढलेत.

लूशसला रिटायर होऊन नववं वर्ष.
न हलणाऱ्या पलंगावर त्याला झोप येत नाही.
दोन वाजता उठतो,
पलंगाखाली हात घालून
कुणाचे तरी बूट चाचपतो.
मी म्हणते, नीज, डेन्व्हर लांब आहे अजून.
आणि भिंतीला पाय टेकवून
पलंग हलवत राहते, हळूहळू,
मध्येच एक हिसका, रुळाच्या सांध्यावर बसतो तसा
(तो त्यानंच शिकवलाय),
त्याची मूठ सैल होईपर्यंत.