ऐंशी ते पंच्याण्णव

सैफ बिन हमूद म्हणतो, गाडी थरथरते.
कधी? मी विचारतो.
तो तळहात हवेत आडवा धरतो:
ऐंशीला असं, नव्वदला असं,
आणि शंभरला हात सपाट, निजलेल्या मांजरासारखा.

म्हणून सकाळी सहाला, सोहार तापायच्या आत,
आम्ही मस्कतच्या दिशेने निघालो.
डावीकडे समुद्र असणार, खजुरांच्या आड.
तो चालवतो, मी बूट काढून बसलोय,
तळव्यांना कानांच्या आधी कळतं.
डॅशबोर्डवर अर्धी पाण्याची बाटली.
एकोणऐंशीला पाणी गप्प.
ब्याऐंशीला त्यावर बारीक वळ्या,
दूध साय धरतं तेव्हा पडतात तशा.

स्टिअरिंग शांत. म्हणजे पुढची चाकं नव्हेत.
सीट मात्र पार माकडहाडापर्यंत बोलते.
न्यूट्रल कर, सैफ.
इंजिनाचा आवाज उतरला, थरथर तशीच.
इंजिन सुटलं.
असं एकेकाला सोडत जायचं,
उरेल तो आपला.

टायरवाल्या लालझादाने चारही चाकांना शिसं लावलं,
मागचं पुढे, पुढचं मागे केलं,
पैसे घेताना मुलांची शपथ घेतली.
थरथर जागची हलली नाही.
मग शाफ्टचं मधलं बेअरिंग. अठरा रियाल, दोन दिवस.
नवं बेअरिंग, जुनी थरथर.
मोफिझुल पान्हे पुसत म्हणाला,
भाई, मागे कुणीतरी बसलंय.
सैफ हसला नाही. त्याला शुक्रवारच्या बाजारात
सहा बकऱ्या न्यायच्या होत्या,
आणि बकऱ्या, तो म्हणाला, उतरतात तेव्हा
उभ्याच राहत नाहीत.

कुडाळच्या आयटीआयत आमचे कांबळी सर
तंबाखू मळत एकच सांगायचे:
गाडयेक काय झाला तां मागीर बघ,
आदी बघ शेवटचो हात कोणाचो लागलो.
मी वही काढली.
पाने तेलाने पारदर्शक झालेली.
मार्च, सतरा तारीख. हायलक्स, सैफ.
शाफ्ट उतरवला, ग्रीस भरलं, बसवला.
अक्षर माझं.

गाडीखाली शिरलो. टॉर्च दातांत.
शाफ्टच्या नळीवर एक बाण कोरलेला असतो,
योकवर दुसरा,
दोघांनी समोरासमोर यायचं, एवढंच मागणं त्यांचं.
हे दोघे शेजाऱ्यांसारखे
एका दाताने चुकून उभे.
एक दात. नखाएवढाही नाही.

आणि मग मार्चमधली ती दुपार आठवली.
असाच उताणा होतो, छातीवर फोन,
ऋजुलाने पहिल्यांदा स्कूटर सोडली होती अंगणात,
तुळशीला वळसा, वाळत टाकलेल्या सोलांवरून चाक,
तिची आई चित्रण करतेय आणि ओरडतेय, ब्रेक गो, ब्रेक,
मी हसतोय,
आणि माझा डावा हात न बघता
शाफ्ट आत सरकवतोय.
बसला म्हणून वाटलं, बसला.

उतरवला. एक दात फिरवला. बसवला.
ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद.
बाटलीतलं पाणी तळ्यासारखं.
सैफ म्हणाला, काय होतं?
सांगता आलं असतं, बेअरिंग.
नवं बसवलेलं होतंच.
मी म्हटलं, मी होतो.
सगळं सांगितलं, स्कूटरसकट, मोडक्या अरबीत,
स्कूटरला शब्द नव्हता म्हणून
दोन्ही मुठी पुढे धरून.

मालकाने माझे दोन दिवस कापले.
अठरा रियाल सैफने मागितले नाहीत,
मीही विसरून जा म्हटलं नाही. तेवढं अजून तसंच आहे.
तो फक्त म्हणाला, दाखव.

पेट्रोल पंपाच्या सावलीत उभे राहून
दोघांनी एकोणचाळीस सेकंद पाहिलं.
शेवटी चित्र जोरात हलतं,
अंगण, आभाळ, कौलं, एक पाऊल.
हे का हलतं, सैफने विचारलं.
हसतेय ती, मी म्हटलं.
किंवा पळतेय.
याचं कारण मी अजून शोधलेलं नाही.