पट्टे

पट्टे मारणं सोपं असतं.
साबणाचं पाणी, रबरी पट्टी,
आणि बॉनेटच्या टोकापासून डिकीपर्यंत एक श्वास धरून ठेवायचा.
काढायला बसलं की कळतं
ऊन काय करतं चौदा वर्षांत.

उद्यमनगरात, लेथच्या दोन दुकानांमधे
माझं रेडियमचं खोपटं.
दारात रंगराव इंगवल्यांची लाल मारुती,
अंगावर दोन पिवळे पट्टे. मीच मारलेले,
तालीम फायनलला गेली त्या शनिवारी,
रात्री साडेअकराला, बाहेर हलगी कडाडत असताना.
डाव्या दारावरचा पट्टा केसभर वाकडा आहे.
तो हलगीचा.

आता गाडी विकली.
घेणारा निवास साळोखे, पलीकडच्या पेठेतला,
पलीकडच्या तालमीचा.
"पैसं रोख देतो," म्हणाला,
"पर हे पिवळं घिऊन
मी आमच्या गल्लीत शिरणार न्हाई."

हेअर ड्रायर बायकोचा.
तिला सांगितलंय, दुरुस्तीला दिलाय.
गरम हवा वीतभर लांबून धरायची,
कोपरा नखानं उचलायचा,
आणि ओढायचं नाही,
पत्र्याला लागून दुमडत दुमडत न्यायचं,
झोपलेल्या पोराखालनं चादर काढावी तसं.
हे नव्या रेडियमचं झालं.
जुन्याचा पापड होतो.
नखाएवढे तुकडे, आणि प्रत्येकाची वेगळी मनधरणी.

रंगराव स्टुलावर बसून बघत होते.
थिनर लाव की.
थिनर रंग खातो.
मग रॉकेल?
रॉकेल आता मिळतंय कुठं.
यावर ते बराच वेळ गप्प राहिले,
कपातल्या चहावर साय धरेपर्यंत.

डिंकावर खोबरेल चोळलं,
बंद पडलेल्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडत गेलो.
डिंक वळून आला, काळा, गांडुळासारखा.
त्यात धूळ, माशीचा एक पंख,
आणि मागच्या चाकावर, कडेला,
चिमूटभर गुलाल.
रंगरावांनी तो बोटावर घेतला.
वास घेतला.
"आपण जिंकलो नव्हतो रे," म्हणाले,
"मग गुलाल कुठला?"

मला काय माहीत. गणपतीचा असेल.

दोन वाजता गाडी धुतली.
पट्टे गेले होते
आणि पट्टे होते तिथंच:
सगळी गाडी विटून विटकरी झालेली,
त्यांच्याखालचा लाल मात्र अजून शोरूममधला.
पॉलिश मारलं. परत मारलं. कंपाउंडचा डबा संपवला.
घासावं तसं ते उठून दिसायला लागलं,
डाव्या दारावरच्या वाकडेपणासकट.

साळोखेनं गाडीभोवती एक फेरी मारली,
तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला
आणि दोन हजार तोडले.
रंगरावांनी ते सोडले. हसत सोडले.
माणूस इतका हसतो हे मी विसरलो होतो.

तिसऱ्या दिवशी साळोखे परत.
"दसरा चौकात सिग्नलला थांबलो हुतो.
शाळंतलं एक पोरगं, सायकलवर,
गाडीकडं बघतंय, बघतंय,
आणि हिरवा पडल्यावर
त्यांच्या तालमीची आरोळी ठोकून पळालं की!"

मी हसलो नाही. धंदा आहे.

"मार पट्टे," म्हणाला. "आमचे. निळे."
टेप लावून मोजलं.
जुनी खूण चार इंच, वर तो केसभर.
"सहा इंची मारावा लागेल. चालतंय?"
"पळतंय."

रोल काढला. बादलीत साबण फेसाळला.
"सरळ मार," म्हणाला
आणि स्टुलावर बसला.