तुझ्याआधी

सुन्नवा सुईण पोट चाचपून म्हणाली,
"माझ्याशी भांडल्यासारखं
तुझ्या पाठीला पाठ लावून बसलंय.
आभाळ बघतंय. त्याला जमीन दाखव."

म्हणून अडतिसाव्या आठवड्यात
क्लाक्सविकच्या या स्वयंपाकघरात
मी रांगते आहे. तळवे, गुडघे,
झोळीसारखं लोंबतं पोट.
टेबलाखाली सापडलं
नाताळातलं अक्रोडाचं टरफल
आणि त्रोंदुरचा हरवलेला मोजा.

त्रोंदुर बोटीवर. फोनवर सांगतो,
मासळी एका अंगाला गेली की बोट कलते,
मग आम्ही पेट्या सरकवतो, शिव्या देत.
तूही देऊन बघ.
दिल्या.

जिना आडवा चढते, खेकड्यागत,
दर पायरीला कंबर झुलवत.
शेजारचा हानुस धुक्यातून, खिडकीतून बघतो,
काय करावं न सुचून
टोपी काढतो.

रात्री डावी कूस, मांड्यांत उशी.
आतून काहीतरी सरपटत जातं,
गुडघा? खांदा?
मी श्वास धरून.
मग उचकी. तुझी.
एवढंच.

बरं, राहा बसून.
सकाळी पुन्हा रांगेन.
टेबलाखाली अजून एक कोपरा
बघायचा राहिलाय.