फरकाची रक्कम

एक तारखेपासून दर बदलले.
शिपायाने जुन्या तक्त्यावर नवा तक्ता डकवला,
खळ पुरली नाही, वरचा कोपरा सुटलाय,
पंखा फिरला की
खालचा आकडा मधूनच डोकावतो.
लोक नेमकं तिथेच बोट ठेवतात:
मॅडम, हे काय, वीसच तर लिहिलंय!

चौरस मीटरला वीस होते, चौतीस झाले.
सुदामा नगरचे रेवाशंकर पाटीदार
छत्री काउंटरवर आपटून म्हणाले,
"मकान मैं बनाऊँ और तनखा इनकी बढ़े?"
पगार नाही हो दादा.
सहा झोन मिळून आमच्याकडे एकच माणूस होता, भूरिया.
त्याची मोटारसायकल अर्धा दिवस पंक्चरच्या दुकानात,
उरलेला अर्धा दिवस तो साहेबांच्या दाराशी.
आता तुमच्या या चौदा रुपयांतून
अकराजण नेमलेत.
पाया भरताना येतील, स्लॅबच्या आदल्या दिवशी येतील,
सेंटरिंगच्या बल्ल्या हलवून बघतील,
कडेला जाळी बांधली का बघतील,
काँक्रीटचे ठोकळे नेऊन प्रयोगशाळेत फोडतील.

"फोडायचे पैसे?"

हो. फोडायचेच.

बोटाला थुंकी लावून ते नोटा मोजतात,
मग मी मोजते,
मग पुन्हा ते, माझ्या हातातल्या.
मी पावती फाडते.
सव्वीस वर्षं हेच करतेय,
अंगठ्याचा कार्बन सणावारालाही निघत नाही.

एका रकमेची पावती तेवढी नाही.

आमच्या गच्चीवरची खोली
आम्ही दिवाळीच्या सुट्टीत चढवली.
ऑफिस कधी बंद असतं
हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.
नक्शा नाही, अर्ज नाही.
कोण बघतंय, हे म्हणाले,
आणि खरंच कुणी बघत नव्हतं,
बघणारा एकटा भूरिया, तो सणाला झाबुआला गेलेला.

थावरी घमेलं घेऊन बांबूवरून चढत होती.
मी ओट्यापाशी चकल्या मोजून डब्यांत भरत होते,
मजुरांचाही एक डबा होता, खोटं कशाला बोलू.
आवाज काही फार झाला नाही.
आधी घमेलं आलं, मागून ती,
मध्ये शेजारच्या पेरूने तिला अर्धवट धरलं.
मनगट मोडलं. कमरेचं काय झालं
ते कळायच्या आत ती गावी गेली.
पेरूची फांदी बुंध्यापासून उतरली,
त्यावरून ताम्हाणे आमच्याशी दोन महिने बोलत नव्हते.
फांदीवरून.

दोन हजार दिले.
तिने डाव्या हाताने घेतले, उजवा गळ्यात बांधलेला,
आणि मोजले नाहीत.

इतकी वर्षं या काचेमागे बसून
न मोजता पैसे घेणारं माणूस
मी तेवढं एकच पाहिलं.

खोलीत आता मुलगा अभ्यास करतो.
ईशान्येचा कोपरा ओल धरतो, तिथे आम्ही
कॅलेंडर लावलंय.

आज दीडला खिडकी बंद केली,
डबा तसाच ठेवला,
वळसा घालून बाहेर आले आणि रांगेत उभी राहिले.
पुढे सातजण. एकाने जागा देऊ केली, घेतली नाही.
माझ्या खुर्चीवर लोखंडे बसलेला,
त्याने अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
विनापरवाना बांधकाम नियमित करणेबाबत. तीन प्रती.
"मॅडम, तुम्ही?"
तू आकडे लाव, म्हटलं.
बुधवारी भूरिया येईल, हातोडीने भिंत वाजवून ऐकेल,
पाडा म्हणाला तर पाडावं लागेल,
घरी अजून सांगितलेलं नाही.

लोखंडेने नव्या दराने फी लावली, वर दंड लावला,
बेरीज काचेखालून सरकवली,
आणि माझ्या तोंडून निघून गेलंच,
"अरे देवा, एवढं वाढवलं?"

पंख्याने तक्त्याचा कोपरा उचलला.
मीही जरा वाकून
खालचे वीस बघून घेतले.