बशीतलं

अठ्ठेचाळीस तासांनी इबू इनक्युबेटर उघडते.
काचेला घट्ट चिकटून बसलेल्या यकृताच्या पेशी
आज गोल होऊन सुटल्यात, तरंगताहेत.
सहाव्या खणात अर्क सगळ्यात दाट.
ती मोजते. वहीत आकडा लिहिते.
विश्वास बसत नाही म्हणून पुन्हा मोजते.

अळंबी तीच, लाल, जहरासारखी कडू,
कापूरवृक्षाच्या पोकळ पोटात वाढणारी.
तिच्यासाठी बियुंग, तिचा बाप,
टॉर्च दातांत धरून झाडात शिरायचा
आणि वनरक्षकाची चाहूल लागली
की आतच उभ्याउभ्या झाड व्हायचा.
तैचुंगच्या तालेवार यकृतांसाठी.
स्वतः कधी जिभेला लावली नाही.
विकायची वस्तू.

फोनवर त्याचा आवाजसुद्धा पिवळा.
"मेल्या का गं?"
"मेल्या. बशीत."
"बशीत म्हणजे?"

बशीत तर ब्लीचनंही मरतात, बाबा.
हे ती बोलत नाही.
राळे कापून झाले का, विचारते.

बराच वेळ नुसता श्वास.
मग, कुणी ऐकेल अशा बेतानं, हळूच:
"एक झाड मला अजून ठाऊक आहे.
कुणालाच सांगितलेलं नाही.
ओढा ओलांडला की डाव्या हाताला—"

इबू पेन उचलते.
टोपण काढत नाही.