सहा रेघा

इस्माईलचाचा मुकादम बोल्टची मुंडी अंगठ्याने वाचतात.
मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर,
असं म्हणत त्यांनी तीन दिवाळ्या घालवल्या.
आधी ग्रीस पुसायचं, नखाने मळ काढायचा,
मग अंगठा हलकेच गोल फिरवायचा,
तान्ह्याची टाळू चाचपावी तसा.

रेघ नाही: दोन नंबर. फाटकाला लाव.
तीन रेघा: पाच.
सहा रेघा: आठ.
रेघांत दोन मिळवायचे. का, ते मी पहिल्याच आठवड्यात विचारलं,
अंगावर आयटीआयचा निळा कोट होता.
"दोन तर प्रत्येकात असतातच, पोरी.
ते कोण कोरत बसणार?"

बहारीनच्या गोदीत त्यांनी एकवीस वर्षं इंच आवळले.
मी मालवणात मिलिमीटर शिकले.
आणि इथे आनंदवाडीच्या धक्क्यावर सगळे सुतात बोलतात,
चार सुती दी, सहा सुती दी,
जणू बोल्ट नाही, जाळ्याचा दोरा मागतायत.
एकोणीसचा पाना तेवढा कुणाशी भांडत नाही.
सहा सुतीच्या मुंडीवरही जातो,
जरा अंग चोरून.

जुलैच्या शेवटी जगन कोयंडे आला.
नखांत बोटीचा निळा रंग, ओला.
एका हातात कपलिंगचा जुना बोल्ट: चार सुती, सहा रेघा.
दुसऱ्या हातात कागदाची पुडी, नवे कोरे, मुंडीवर ८.८.
"आठाक आठ गावलो. वर एक आठ फुकट!"

मी हसले नाही. हसायला हवं होतं बहुतेक,
मग त्याने ऐकलंही असतं.
मी तक्ता काढला.
म्हटलं, हे आठ ते आठ नव्हेत.
तुमच्या पुडीतला आठ त्यांच्या पाचाच्या पंगतीतला.
सहा रेघांच्या जोडीला बसायचं तर १०.९ लागेल,
तो कोल्हापूरहून येईल, उद्याच्या एसटीने.
आणि अर्धा इंच म्हणजे बारा पूर्णांक सात दशांश,
तुमचा बोल्ट बाराचा,
भोकात वारा खेळेल.

"भरती काय तुझ्या पार्सलासाठी थांबतली?"

चाचा नमाजाला गेले होते.
पाना मी दिला.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही:
एकोणीसचा पाना, माझ्या हाताने, पुसून.

पहिला आठ सांगतो, किती ओढलं की तुटेल.
टिंबानंतरचा आठ सांगतो, त्या ओढीच्या
दहातल्या किती वाट्यांपर्यंत
तो सोडल्यावर पुन्हा होता तेवढा होईल.
त्यापुढे तुटत नाही लगेच.
फक्त परत येत नाही.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पाचपैकी पाच.

नवव्या दिवशी कोयंड्यांची बोट दुसऱ्या बोटीमागून आली,
दोराला बांधलेली, मान खाली घातलेल्या बैलासारखी.
माणसं धड होती. मासळीचा बर्फ विरघळला होता.
पाच बोल्ट समुद्रात. तीन कपलिंगमध्ये लटकलेले.

त्यातला एक मी नव्याशेजारी उभा केला.
आगकाडीच्या जाडीएवढा उंच.
कमरेत बारीक.
आटे मध्येच विरळ झालेले, पान दुमडून
वाचायचं राहिलेल्या वहीसारखे.

चाचांनी मुंडी अंगठ्याखाली घेतली.
आठाची दोन कडी, टिंब, पुन्हा दोन कडी.
"ह्यात रेघा नाहीत," म्हणाले.
मग बोट खाली, आट्यांवर. कमरेपाशी थांबलं.
बराच वेळ थांबलं.
"पाना कुणाचा होता?"

बाहेर सुकती लागली होती. कोयंडे पायरीवर बसून
ओल्या खिशातून नोटा सोडवत होता, एकेक,
फाटू नयेत म्हणून फुंकर घालून.

मी म्हटलं, आपला.